दिगूभावजींची जीभ

दिगूभावजी पाणीसुद्धा चावून पितात. घोट घेतला की तो या गालातून त्या गालात, त्या गालातून पुन्हा या गालात, डोळे वर वाशांकडे, आणि मग केव्हातरी गिळणं. मी लग्न होऊन या वाडीत आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात ते आमच्याकडे बसायला आले. मी नवी सून. तांब्याभांडं पुढे ठेवलं. त्यांनी घोट तोंडात फिरवला आणि आमच्या ह्यांना म्हणाले, "विहिरीचा दोर नवा बांधलात वाटतं. काथ्या लागतोय."

दोर आदल्याच दिवशी बदलला होता. मला वाटलं, हा माणूस येताना विहिरीवर डोकावून आला असणार. मी आतूनच म्हटलं, "बघून सांगण्यात काय मोठेपण?" नव्या सुनेनं असं बोलायचं नसतं, पण मी बोलले. दिगूभावजींनी माझ्याकडे बघितलं नाही. ह्यांना म्हणाले, "वैनीची जीभ तिखट आहे. पण खरी आहे."

पन्नास वर्षं झाली त्याला. आमचे हे गेले. विहीर आता कोणी वापरत नाही, नळ आले. दिगूभावजी नळाचं पाणीही चावतात.

आमची वाडी रत्नागिरीच्या मांडवीपासून चालत वीस मिनिटांवर. त्यांच्या आणि माझ्या आवाराच्या मध्ये जांभ्या दगडांचा रचलेला गडगा आहे, कमरेएवढा. अर्धं आयुष्य मी त्या गडग्याला टेकून काढलं, कारण पलीकडे त्यांची बायको सुमन असायची. भाजी निवडायची ती तिथे, चुगल्या करायच्या त्या तिथे. भावजी मागच्या बाजूला कोकमाचे रातांबे फोडत असायचे आणि मधेच ओरडायचे, "अहो, हळू बोला, मला चव लागत नाही." कानाचा आणि जिभेचा काय संबंध ते आम्हाला कधी कळलं नाही. सुमन म्हणायची, "त्यांचं सगळं जिभेतच आहे गो. कानपण तिथेच."

त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजे चवीची खोली. हे नाव त्यांच्या वडिलांनी दिलेलं. मांडवीच्या बंदराला गलबतं लागायची त्या काळात म्हाताऱ्यांनी आगळ विकायला सुरुवात केली. आगळ म्हणजे पिकलेल्या रातांब्यांचा मिठातला रस, आपण सोलकढीत घालतो तो. खलाशी लांबच्या वाटेला निघाले की बुधले भरून न्यायचे. पण म्हातारे असे सरळ द्यायचे नाहीत. आधी बाकावर बसायचं, करवंटीतून घोटभर चाखायचं, काय लागलं ते सांगायचं, आणि मग बुधला पुढे करायचा. गलबतं बंद झाली, करवंटी जाऊन स्टीलचे इवलेसे पेले आले, बाक तोच राहिला. दिगूभावजी त्या बाकासमोर वाढले. शाळेत गेले ते आमच्या ह्यांच्या वर्गात. सातवीनंतर दोघांनीही शाळा सोडली. मी तर चौथीपर्यंतच गेले, त्यामुळे मला त्यात नाव ठेवायला जागा नाही.

खोलीत भिंतीच्या कडेनं फळ्या आणि फळ्यांवर चिनी मातीच्या बरण्या. बरणीवर एक अक्षर लिहिलेलं नाही. कोणत्या बरणीत कधीचं आगळ ते फक्त भावजींना ठाऊक. "ही गाय विहिरीत पडली त्या वर्षाची. ही थोरल्या आत्याचे दात काढले त्या वर्षाची." मी एकदा विचारलं, "भावजी, आगळाला दातांचा वास येतो काय?"

"येत नाही. पण त्या वर्षी उन्हं कडक पडली. मला दात आणि उन्हं एकत्र आठवतात."

मीठ किती घालायचं याला त्यांच्याकडे माप नाही. बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, थांबायचं. "पुढची चव सगळ्यांना कळते. मागची यायला वेळ लागतो. जी मागून येते ती खरी." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की कधीकधी माझ्याच तोंडून निघतं.

त्यांच्या मते जगात माणसांच्या दोनच जाती. चाखणारे आणि ओतणारे. एकदा पुण्याचे एक मोठे साहेब बायकोला घेऊन आले. समुद्र बघून झाला होता, आता आणखी काय बघायचं म्हणून कोणीतरी इकडे पाठवलेलं. भावजींनी दोघांना बाकावर बसवून पेले दिले. मी तेव्हा सुमनबरोबर आतल्या दारात उभी होते. साहेबांनी पेला घटकन् रिकामा केला.

"वा काका, एकदम टेस्टी."

"काय लागलं?"

"म्हणजे... कोकम."

"ते मला माहीत आहे. मीच घातलंय."

साहेब मोठ्यानं हसले. "द्या चार बाटल्या."

"नाही."

"संपलं का?"

"आहे की. पण तुम्ही ओतणारे. कोपऱ्यावरच्या दुकानात बरं मिळतं, तुम्हाला तेवढं पुरेल."

साहेबांची बायको अजून पेला हातात धरून होती. ती दबकत म्हणाली, "मागून जरा धुरासारखं येतं का हो?" भावजी उठून उभेच राहिले. ती बरणी दोन वर्षं चुलीवरच्या माळ्यावर होती. बाईंना बाटल्या मिळाल्या, वर आमसुलांची पुडीही मिळाली, आणि साहेब अंगणात कोंबड्या बघत उभे राहिले.

नाटे गावात एकदा लग्नाला गेलो होतो. भावजींनी आमटीचा एक घोट घेतला, वाटी बाजूला सारली आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आमसुलं भिजलेली आहेत. पावसाच्या पाण्यात." मुलीचा बाप लालबुंद झाला. मागून आचारी पुढे आला आणि मान खाली घालून म्हणाला, होय, पोतं पडवीत राहिलं होतं. भावजींचं समाधान झालं, मुलीच्या बापाचं झालं नाही. सुमन माझ्या शेजारीच जेवत होती. कपाळाला हात लावून म्हणाली, "बघ गो. लोकांचे नवरे दारू पिऊन लग्नात तमाशा करतात. माझा आमटी पिऊन करतो."

त्या जिभेसमोर सुमननं चाळीस वर्षं स्वयंपाक केला. भावजी वाईट बोलायचे नाहीत, पण चांगलंही बोलायचे नाहीत. बहुतेक वेळा नुसते जेवायचे आणि उठायचे. फारच आवडलं तर म्हणायचे, "चालेल." त्याच्या वर ते कधी गेले नाहीत. ज्या दिवशी "चालेल" मिळायचं त्या दिवशी सुमन गडग्यावर येऊन मला सांगायची, घरात कोणी परीक्षा पास झाल्यासारखं. त्यांना मूलबाळ नव्हतं, तेव्हा दुसरं कोण पास होणार.

सुमन तापाच्या साथीत गेली. दोघंही आजारी होती, ती गेली, भावजी राहिले. तेव्हा कोणी कोणाच्या दारात जात नव्हतं. मी गडग्यावर भाजी ठेवायची आणि मागे सरायची. त्याबद्दल याहून जास्त मला लिहायचं नाही.

त्यानंतर भावजींना एक नवी खोड लागली. सकाळी गडग्यावर पेला ठेवायचे आणि हाक मारायचे, "वैनी, बघा हो जरा, काय म्हणतंय."

मी घोट घ्यायची. "खारट."

"खारट? तुमच्या जिभेला काही समज?"

"मग विचारता कशाला?"

"सहज. तुम्हाला काम नसतं म्हणून."

दुसऱ्या दिवशी पुन्हा पेला, आणि खारटपणा गेलेला असायचा. मी मनात म्हणायची, हट्टी माणूस, ऐकतो माझं पण कबूल होत नाही. सुमन गेली, आता भांडायला कोणी तरी पाहिजे म्हणून माझ्याशी भांडतो. भांडू दे. माझ्या घरात तरी कोण होतं. मुलगी नवऱ्याकडे चिपळूणला. अशी दोन-तीन वर्षं मी रोज सकाळी घोट घेत राहिले आणि शिव्या खात राहिले.

या माघात भावजींचा पुतण्या मंदार आला. पुण्याला नोकरीला असतो, पोट सुटलंय, डोक्यावरचे केस गेलेत, पण मन चांगलं आहे. बरोबर एक फलकाचा नमुना घेऊन आला होता. त्यावर पेला तोंडाशी धरलेला भावजींचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात, 'कोकणची जीभ'.

"काका, जगात याला टेस्टिंग रूम म्हणतात."

"आम्ही चवीची खोली म्हणतो."

"तेच ते. पण नाशिककडे वाईनवाले कसं करतात ते एकदा बघून घ्या. तिकडच्या जुन्यांतली एक जागा मला माहीत आहे. लोक लांबून येतात, चाखतात, प्रश्न विचारतात. येत्या मोसमापासून आपल्याकडे तसं करू. लोक तुमच्या जिभेसाठी येतील."

भावजी फलकाकडे बघत राहिले. मला वाटलं, लाजले. मग म्हणाले, "द्राक्षाच्या दारूला मी हात लावणार नाही."

"हात नको, जीभ लावा," मंदार म्हणाला.

दोन दिवस नाही नाही चाललं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "वैनी येत असतील तर येतो." मी विचारलं, मी कशाला? तर म्हणे सोबत. मला त्र्यंबकेश्वर बघायचंच होतं आणि गाडीत जागा होती. गेले.

देवदर्शन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वाईनच्या जागी पोचलो. मी दारूचा कारखाना म्हणजे काळाकुट्ट, भट्टीचा वास, असं काही धरून चालले होते. तिकडे दुधाच्या डेअरीसारख्या चकचकीत टाक्या. मग आम्हाला एका तळघरात नेलं. तिथे लाकडी पिंपं, आडवी निजवलेली, आणि थंडी इतकी की मी पदर कानावर घेतला. काळे कपडे घातलेली एक मुलगी सगळं सांगत होती. ही पिंपं परदेशातून येतात, या लाकडाचा गुण उतरतो, या खोलीत ऊन येऊ द्यायचं नाही. भावजी एका पिंपावर हात ठेवून म्हणाले, "आमच्याकडे बरणी." मुलगी म्हणाली, "तेच काका, तत्त्व तेच." तेवढ्यानं भावजी खूश.

मग चाखायची खोली. बाकाच्या जागी उंच स्टुलं, त्यावरून माझे पाय लोंबकळत होते. आमच्याबरोबर आणखी पाच-सहा माणसं होती. प्रत्येकासमोर चार काचेचे पेले, तळाशी थोडीथोडी वाईन, आणि मध्ये एक स्टीलची बादली. मुलगी म्हणाली, "घोट तोंडात घ्या, लगेच गिळू नका, सगळीकडे फिरवा. गिळायची नसेल तर बादलीत थुंका." मंदार माझ्याकडे बघून हसला. ज्या खोडीला आम्ही जन्मभर हसलो, ती शिकवायला इथे माणूस ठेवलेलं होतं.

मी जन्मात दारूला तोंड लावलेलं नाही. पण थुंकायचंच आहे तर त्यात पाप कसलं, असा मी विचार केला. शिवाय भावजी म्हणाले, "आधी वैनी. बायकांचा मान."

मी चपापले. त्यांच्या तोंडून बायकांचा मान मी पहिल्यांदाच ऐकत होते. पहिला पेला फिक्या रंगाचा. मी घोट घेतला आणि दोन्ही गाल आत गेले. मग भावजींनी घेतला. फिरवला, वर बघितलं, बादलीत टाकला. "कैरी. कोय धरायच्या आधीची. पुढे आंबट, मागे जरा हिरवट." मुलीचे डोळे मोठे झाले. "काका, किती छान सांगितलंत."

दुसरा पेला लाल. मी घेतला तर जबडाच आवळला, जीभ टाळूला चिकटली. भावजींनी मागून घेतला. "काजूचं बोंडू. देठाकडचं, जरा कच्चं." शेजारचा चष्मेवाला गृहस्थ म्हणाला, मला यात चामडं जाणवतं. मला त्याची काळजी वाटली. चामडं यानं कधी खाल्लं असेल? पण भावजींचं बोंडू सगळ्यांना पटलं. मुलीनं ते फोनमध्ये लिहून घेतलं. मंदार काकांचे फोटो काढत सुटला.

तिसऱ्या पेल्याला माझ्या लक्षात आलं. मी घोट घेतला तेव्हा भावजी पेल्याकडे बघत नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते. डोळे बारीक करून, टाचणीनं काटा काढताना बघतात तसे. मी हे कुठे बघितलंय असं मला वाटलं आणि मग आठवलं. गडग्यावर. रोज सकाळी.

चौथा पेला सोनेरी, सगळ्यांत लहान. मी घोट घेतला. गोड होती, काकवीसारखी दाट गोड. मला काय बुद्धी झाली कोण जाणे. खरं काय ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही, हा माझा स्वभाव. मी कच्चा रातांबा चावल्यासारखं तोंड केलं. एक डोळा मिटला, खांदा वर गेला, सगळं केलं.

भावजींनी घोट घेतला. या गालातून त्या गालात. वर बघितलं. बादलीत टाकला.

"आंबट," ते म्हणाले. "चांगलीच आंबट. कच्चा रातांबा."

मुलगी बिचारी हळू आवाजात म्हणाली, "काका, ही आमची गोड वाईन आहे." चष्मेवाला हसला. मंदारनं फोन खाली घेतला. भावजी पेला हातात धरून बसले होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे कान असे लाल झालेले मी आधी बघितले नव्हते.

"याला गोड म्हणतात तुमच्याकडे?" मी म्हटलं. "आमच्या रत्नागिरीत याला आंबट म्हणतात. भावजी बरोबर बोलले."

मुलगी शहाणी होती. तिनं स्वतः एक घोट घेतला, जरा थांबली. "बरोबर आहे आजी. गोडीच्या मागे आंबटपणा असतो थोडा. असावाच लागतो, नाही तर नुसता पाक होईल."

"मी मागची सांगितली," भावजी म्हणाले.

मंदारनं पुन्हा फोन वर घेतला. सगळं सावरलं. पण भावजींनी माझ्याकडे बघितलं ते मला कळलं.

मंदार गाडी आणायला गेला तेव्हा आम्ही बाहेर एका बाकावर बसलो. समोर तारांवर बांधलेल्या द्राक्षांच्या ओळीच ओळी.

"वैनी, तुम्ही तोंड खोटं केलंत."

"तुम्ही जीभ खोटी केलीत."

एक माणूस ओळींमधून टोपली घेऊन गेला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तापापासून."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"येईल म्हणाले. सगळ्यांची आली." त्यांनी हाताच्या बोटांकडे बघितलं. "वासही नाही. आगळ आणि पाणी मला सारखंच. मीठ तेवढं खूप पडलं तर चुरचुरतं."

"सांगायचं होतं."

"कोणाला?"

मला सांगायला हवं होतं असं म्हणणार होते, पण रोज सकाळी माझ्याशी भांडणाऱ्या माणसाला मी कधी काही विचारलं नव्हतं, तेही खरं.

मग ते आपणहून बोलायला लागले. द्राक्षांकडे बघत, सावकाश.

"तापात सुमननं सार केलं. तिला उठवत नव्हतं, तरी केलं. मला विचारलं, मीठ बरोबर आहे का. मी घोट फिरवला. काही नाही. नुसतं गरम. मी घाबरलो, वैनी. तिला कळू नये म्हणून म्हटलं, झकास झालंय."

"झकास?"

"पहिल्यांदाच म्हटलं. घाबरलेला माणूस जास्त बोलतो. तर तीही प्यायली आणि म्हणाली, खरंच की, झकास झालंय. दोन वाट्या प्यायली. तीन दिवस तेच सार, तीन दिवस झकास. चौथ्या दिवशी तिला दवाखान्यात नेली."

मी पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली.

"सगळं आटपल्यावर स्वयंपाकघरात गेलो. शेगडीपाशी साखरेचा डबा, उघडा, चमचा आत. मिठाचा डबा वर फळीवर, झाकण लावलेला. वैनी, तिलाही लागत नव्हतं. तीन दिवस आम्ही साखरेचं सार प्यालो आणि एकमेकांना झकास म्हणत बसलो."

मला हसू आलं. खोटं कशाला सांगू, आलं. सुमन असती तर तीही गडग्यावर पोट धरून हसली असती. भावजीही हसायला लागले. हसता हसता त्यांचं तोंड भलतंच झालं, तेव्हा मी द्राक्षांकडे बघत राहिले.

"चाळीस वर्षांत एकदा बरं बोललो," ते म्हणाले, "तेही खोटं."

"दोन वाट्या प्यायली ना ती?"

"हो."

"तिला चव लागत नव्हती. भूक तापात नसतेच. मग दोन वाट्या ती कशावर प्यायली?"

मंदारची गाडी आली. उठताना म्हणाले, "यंदा खोली बंद करतो. तो फलक लागला तर दुसऱ्या दिवशी हसं होईल. बापाच्या नावाचंही."

"बंद कशाला? मी बसते बाकावर. वर्षं तुम्ही सांगा, चव मी सांगते. खोटं मात्र बोलायचं नाही."

"तुम्हाला पुढची कळते वैनी, मागची कळत नाही."

"तुम्हाला एकही कळत नाही. बसा गाडीत."

चैत्र संपता संपता रातांबे पिकायला लागले. भावजींनी साली सोडवल्या, मीठ घातलं. बोट मी बुडवलं. पहिले आठ दिवस आम्ही इतके भांडलो की मंदारचा पुण्याहून फोन आला, शेजारच्यांनी त्याला कळवलं होतं. "कमी आहे." "किती कमी?" "कमी म्हणजे कमी." "असं नाही चालत वैनी. पुढे कमी, की मागे कमी? डोळे मिटा. थांबा. आणखी थांबा." मी डोळे मिटून अंगणात उभी राहायची, हातातली कामं तशीच टाकून. एक दिवस खरोखरच मागून काहीतरी आलं. लोखंडासारखं, अगदी बारीक. मी सांगितलं. भावजी बरणीपाशी गेले, आत हात घातला आणि मोडलेल्या कोयत्याचं गंजकं टोक बाहेर काढलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "चालेल."

मी तशीच कामाला गेले.

फलक लागला नाही. मंदारला भावजींनी काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, मी विचारलं नाही. पण लोक येतात. भावजी बरणीपाशी उभे राहून गाय, आत्या, दात सगळं सांगतात, आणि कोणी चवीचं विचारलं की म्हणतात, "ते वैनी सांगतील. माझं ते खातं बंद आहे." लोकांना तो विनोद वाटतो. ओतणाऱ्यांना अजूनही अंगणात उभं करतात. ते ओळखायला जीभ लागत नाही म्हणे, डोळे पुरतात.

आता दुपारचे ते माझ्याकडेच जेवतात. एकट्यासाठी कुकर लावणं आम्हा दोघांनाही जड जातं, तेव्हा एकच लावते. वाडीत दोन-तीन जणी कुजबुजल्या. मी त्यांना बोलावून म्हटलं, तुम्ही घाला त्यांना जेवायला. मग कुजबुज थांबली.

परवा सार केलं होतं. ताटात भात वाढला, वाटी पुढे ठेवली. भावजींनी घोट घेतला. आणि मी, एवढं सगळं माहीत असून, सवयीनं विचारून बसले, "कसं झालंय?"

त्यांनी वाटी खाली ठेवली. जरा वेळ वाटीकडे बघितलं.

"कळत नाही, वैनी."

मी माझ्या वाटीतलं चाखलं.

"खारट झालंय," मी म्हटलं. "थांबा, पाणी घालते."